नववी-दहावीच्या पोरांना जुनी कविता कशी शिकवायची: आधी कान, मग चित्र, अर्थ सगळ्यात शेवटी

नववी-दहावीला मराठी घेणारे ओळखीतले शिक्षक दर जूनला तेच विचारतात, की धड्याच्या तासाला पोरं ठीक असतात पण जुनी कविता काढली की वर्ग बसतो, काय करावं. मी विचारतो, तास सुरू कसा करता? बहुतेक वेळा उत्तर असं येतं: आधी कवीपरिचय, मग एका हुशार मुलीकडून वाचन, मग एकेक ओळ घेऊन अर्थ, मग कठीण शब्द वहीत, शेवटी रसग्रहण लिहून देणं. ह्यातलं प्रत्येक काम कधी ना कधी करावंच लागतं. पण ह्या क्रमाने केलं की कविता कानावर नीट पडायच्या आधीच पोराच्या हातात अर्थ पडतो, आणि अर्थ मिळाला की त्याच्या लेखी काम संपलं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात शिकवतो, वर्गात साठेक मुलं, बऱ्याच जणांच्या घरी अहिराणी ही खानदेशी बोली, तास 35 मिनिटांचा. सुरुवातीची काही वर्षं मीही बालकवींच्या 'औदुंबर'चा अर्थ पहिल्याच दहा मिनिटांत सांगून टाकायचो, उदासी, मृत्यूची चाहूल वगैरे. एका वर्षी पेपर तपासताना सगळ्या गठ्ठ्यात तेच एक वाक्य, माझंच, आणि नंतर वर्गात विचारलं की कवितेतली पायवाट कुठल्या रंगाची आहे तर एकालाही सांगता येईना. तेव्हापासून क्रम बदलत बदलत आता जो बसलाय तो खाली देतोय. एका कवितेला तीन तास लागतात, जास्त नाही.

तयारी: वर्गात जायच्या आधी

पहिली गोष्ट म्हणजे वर्षाची सुरुवात कुठल्या कवितेने करायची ते ठरवा. पुस्तकात पहिली आली म्हणून पहिली घेऊ नका, जवळून लांब जा. आपल्या भागात तर हे फार सोपं आहे, बहिणाबाई असोद्याच्या, बालकवी धरणगावचे. माझा क्रम असा: आधी बहिणाबाई, मग तुकोबांचा एखादा छोटा अभंग, मग बालकवी, आणि मोरोपंत-वामन पंडित हे संस्कृत वळणाचे पंडित कवी दिवाळीनंतर. ज्या वर्गाने आधी तीन कविता कानाने ऐकल्यात त्याला पंडिती कविता झेपते. जूनमध्येच दिली तर वर्षभर कवितेचं नाव काढलं की तोंडं वाकडी होतात. पुस्तकात नसलेली एखादी कविता पहिल्या आठवड्यात घेतली तरी चालतं, एक तास जातो पण पुढचे दहा वाचतात.

दुसरं, कविता स्वतः मोठ्याने वाचा, घरी, निदान आठ-दहा वेळा. पेन्सिलीने श्वास घ्यायच्या जागा खुणवा. हे न करता गेलात तर वर्गात ओळीच्या शेवटी आवाज आपोआप खाली पडतो, आणि पोरं तीच चाल उचलतात.

तिसरं, अडणारे शब्द दोन गटांत लिहा. एका गटात असे शब्द जे कळल्याशिवाय डोळ्यासमोर काही उभंच राहणार नाही, दुसऱ्यात असे की संदर्भाने अंदाज येईल. पहिल्या गटात तीन-चारपेक्षा जास्त शब्द निघाले तर ती कविता ह्या वर्गाला अजून लवकर आहे असं समजा. 'औदुंबर'मध्ये माझ्या वर्गासाठी पहिल्या गटात तीनच निघतात: ऐल, पैल आणि स्वतः औदुंबर. उंबराचं झाड प्रत्येकाने पाहिलेलं असतं पण औदुंबर म्हणजे तेच, हे निम्म्या वर्गाला माहीत नसतं.

चौथं, कविता मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहून न्या. फक्त कविता. कवीचं नाव नको, टीपा नको, प्रश्न नको.

तपासा: पुस्तक न बघता तुम्हाला कवितेच्या पहिल्या चार ओळी म्हणता येतात का? येत नसतील तर तास उद्यावर ढकला, नुकसान काही नाही.

टप्पा 1: पुस्तकं बंद, फक्त ऐकायचं

पुस्तकं दप्तरात टाकायला सांगा. बाकावर काही नको, पेनही नको. मग कविता एकदा वाचा, साध्या बोलण्याच्या वेगाने, तोंडपाठ असेल तर उत्तम. थांबा, दहापर्यंत मनात मोजा आणि पुन्हा वाचा. दोन्ही वेळा मधे एक शब्दही समजावायचा नाही.

मग एवढंच विचारा: कोणता शब्द कानात राहिला? अर्थ विचारायचा नाही, आवडली का हेही विचारायचं नाही, कारण 'आवडली का' ला पोरं होच म्हणतात आणि तिथून पुढे जायला वाट राहत नाही. शब्द सांगायला सगळे तयार असतात, मागच्या बाकावरचे सुद्धा. सांगतील ते फळ्यावर लिहीत जा. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' वाचल्यावर आमच्याकडे पहिला शब्द नेहमी 'वढाय' येतो, आणि एकदा एक पोरगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, पटकन म्हणाला "आमनी गाय बी वढाय शे सर". बास, पुढचा तास त्याने चालवला. ओढाळ गाय दोरी कशी चुकवते, कुठल्या वेळेला शेतात शिरते, मारलं तरी का परत येते, सगळं त्यानेच सांगितलं आणि मनाचं काय ते मी विचारायच्या आधीच दुसरी एक मुलगी बोलली.

सावध: गाण्याची चाल असलेली कविता असेल तर मोबाईलवर गाणं पहिल्या तासाला लावू नका. गाणं सुंदर असतं पण मग पोरांना चाल आठवते आणि शब्द त्या चालीखाली दबतात. तिसऱ्या तासाच्या शेवटी लावा, तोवर शब्द त्यांचे झालेले असतात.

आणखी एक, पोरं वाचतील तेव्हा उच्चार मधेच दुरुस्त करू नका. आपल्याकडे ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो, तो बहिणाबाईंच्या कवितेतही आहे. ज्या पोराला सहा वर्षं 'नीट बोल' ऐकवलंय त्याला हे फळ्यावर दाखवा, की बघ पुस्तकात छापलेल्या कवितेत तुझ्यासारखाच य आहे. मात्र बहिणाबाईंची भाषा अहिराणी असं सांगून मोकळे होऊ नका, ही चूक आपल्याच भागातले शिक्षक करतात. ती लेवा गणबोली, जळगाव-यावल-रावेर बाजूची. वर्गात लेवा आणि अहिराणी दोन्ही घरची पोरं असतील तर दहा शब्द शेजारी शेजारी लिहायला लावा, फरक तीच सांगतील.

टप्पा 2: बोटांवर मोजणी

हा टप्पा लोक गाळतात, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त रस इथेच येतो, कारण गणितात पुढे असलेली पण मराठीत मागे असलेली पोरं इथे जागी होतात.

फळ्यावर लिहा: अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर. अक्षरं बोटांवर मोजायला सांगा. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. आता खाली लिहा: जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले. पुन्हा आठ आणि आठ. एक सतराव्या शतकातले तुकोबा आणि दुसरी लिहिता-वाचता न येणारी असोद्याची शेतकरी बाई, माप एकच. हे तुम्ही सांगू नका, मोजून झालं की वर्गात आपोआप आवाज होतो.

मग मोठ्या अभंगाचं माप घ्या: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. सहा, सहा, सहा आणि चार. दुसरा आणि तिसरा तुकडा जुळतो, विटेवरी-कटावरी. शेवटी दोन अक्षरं कमी का असतील असं विचारा आणि टाळ्यांवर म्हणून बघायला लावा. तिथे श्वासाला आणि टाळीला जागा मिळते हे म्हटल्याशिवाय कळत नाही.

मोजताना दोन चुका हमखास होतात. जोडाक्षराचे दोन तुकडे करतात, 'ल्ह्या' हे एकच अक्षर. आणि बोलण्यात 'संसार' दोन झटक्यांत येतं म्हणून दोनच मोजतात, पण लिहिल्याप्रमाणे तीन धरायची. पहिल्या पाच मिनिटांत हे सांगून टाका नाहीतर अर्धा वर्ग सात म्हणेल अर्धा आठ आणि भांडणात तास जाईल.

टप्पा 3: चित्र किंवा नकाशा

आता कविता समोर आणायची. कार्डशीट फळ्यावर लावा, प्रत्येकाला एक कोरा कागद. 'औदुंबर' ह्यासाठी सोन्यासारखी आहे, आठच ओळी आणि प्रत्येक ओळीत काहीतरी दिसणारं. सूचना एवढीच: कवितेत जे आहे तेवढंच काढा, जिथे आहे तिथे काढा, कवितेत नाही ते काढू नका.

काढायला बसलं की प्रश्न सुरू होतात. झरा मधोमध, दोन्ही काठांना हिरवं, ठीक. चार घरांचं गाव पैल टेकडीकडे, म्हणजे पलीकडे. त्याच्यापुढे शेतमळे. मग पांढरी पायवाट, ती सरळ काढली तर शेजारचा म्हणतो अडवीतिडवी लिहिलंय, खोड. ही वाट जाते कुठे? काळ्या डोहाकडे. आणि शेवटी झाड. जवळपास सगळी पोरं झाड काठावर ताठ उभं काढतात. तेव्हा फक्त शेवटची ओळ परत वाचायला सांगा, 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. झाड बसलंय, पाय पाण्यात आहेत. मग खोडरबर निघतात, मुळं पाण्यात उतरतात, आणि कुणीतरी बोरी नदीच्या काठचा असाच उंबर आठवतो.

चित्र झालं की रंगाच्या शब्दांना तशाच रंगाच्या पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. विचारा, काळा रंग पहिल्यांदा कोणत्या ओळीत येतो? सहाव्या. त्याच ओळीत हिरवा शेवटचा दिसतो, आणि त्यानंतर दुसरा रंगच नाही. हे एकदा नजरेला आलं की कवितेत काय चाललंय ते सांगायला तुमची गरज उरत नाही.

तपासा: तीन-चार चित्रं फळ्याला लावा. दोन चित्रांत फरक असेल तर वाद कवितेतल्या शब्दावर बोट ठेवून मिटला पाहिजे, तुमच्या सांगण्यावर नाही.

ज्या कवितेत दिसणारं फार नाही, उदाहरणार्थ उपदेशाचे अभंग, तिथे चित्राचा हट्ट धरू नका. तिथे 'हे कोण कोणाला बोलतंय, आणि समोरचा काय म्हणाला असेल' असा दोन ओळींचा संवाद लिहून घ्या.

टप्पा 4: एकच मोठा प्रश्न

दुसऱ्या तासाला एकच प्रश्न न्या, दहा नको. प्रश्न असा पाहिजे की दोन वेगळी उत्तरं निघू शकतील आणि दोन्हीला कवितेतला शब्द पुरावा म्हणून दाखवता येईल. 'कवीला काय सांगायचे आहे' हा प्रश्न बाद, त्याला गाईडमध्ये उत्तर आहे. 'औदुंबर'साठी मी विचारतो, काळिमा गोड का म्हटलाय? 'मन वढाय'साठी, ढोर परत येतं ह्यात चूक ढोराची की पिकाची? चार-चारचे गट, सात मिनिटं, मग प्रत्येक गटाने एक उत्तर आणि एक शब्द.

पोरं कधी कधी कवितेच्याच विरुद्ध जातात, जाऊ द्या. 'अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला' घेतली होती तेव्हा एक मुलगी म्हणाली, सर पण खोपा तर नर विणतो, मादी फक्त पसंत करते. बरोबर आहे तिचं, सुगरण पक्ष्यात नरच विणतो. दाबलं असतं तर तास तिथेच संपला असता. मी विचारलं, मग बहिणाबाईंनी 'तिनं' का म्हटलं असेल? पुढची वीस मिनिटं वर्ग आईबद्दल, घर बांधण्याबद्दल, कोण किती राबतं ह्याबद्दल बोलत होता. ह्या कवितेसाठी विहिरीवरच्या बाभळीखाली गळून पडलेला जुना खोपा वर्गात आणा, हातात फिरवायला द्या, वरची खोली आणि खालची नळी आत बोट घालून बघू द्या. झाडावरचा मात्र काढायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा.

टप्पा 5: घरून एक ओवी

गृहपाठ म्हणून प्रश्नोत्तरं नको. आजीला, काकूला, शेजारच्या कुणाला तरी विचारून जात्यावरची एक ओवी, कानबाई देवीचं गाणं नाहीतर आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) गाणं लिहून आणायचं, जशी म्हटली तशीच, शुद्ध करायचं नाही. नंदुरबारकडे पावरी किंवा भिली बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या भाषेतलं आणू द्या आणि त्यांनाच त्याचा मराठी अर्थ सांगू द्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन गाणी फळ्यावर घेऊन अक्षरं मोजा. काही बसतात काही बसत नाहीत, गाताना ओढून बसवलेली असतात, तेही दाखवा.

सावध: कुणाच्या घरी सांगणारं कुणी नसतं, आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात. त्या पोराला आधीच गाठून शाळेतल्या कुणा मावशींकडे पाठवा, वर्गात 'का नाही आणलं' विचारू नका.

टप्पा 6: आपल्या दोन ओळी

आठ-आठ अक्षरांचं माप हातात आहेच. विषय समोरचा द्या, बसस्टँड, केळीचा ट्रक, नळाला पाणी येण्याची वेळ. पोरं अडली तर पहिली ओळ तुम्ही द्या. माझी नेहमीची: ऊन माथ्यावर आलं. मुलं पुढची जुळवतात, आणि 'कापसाचं ओझं झालं' अशी ओळ एकाला सुचली तेव्हा मोजायची गरजच पडली नाही, सगळ्यांनी एकदम म्हणून बघितली.

ह्यावर मार्क द्यायचे नाहीत. फक्त अक्षरं भरतात का ते शेजाऱ्याने मोजायचं. पाच मिनिटं पुरे, जास्त वेळ दिला तर यमक शोधण्यात पोरं अडकतात आणि काहीच्या काही जुळवतात.

टप्पा 7: आता कवी, अलंकार, रसग्रहण

तिसऱ्या तासाला कवीचं नाव सांगा. आता ऐकतात, कारण कविता त्यांची झालेली असते. बालकवींचं सांगताना मी जन्म-मृत्यूची यादी वाचत नाही, दोनच गोष्टी: 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं तिथे हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कविता म्हणून गेला आणि बालकवी नाव मिळालं, म्हणजे तुमच्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा. आणि 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला. जळगाव-भुसावळ पॅसेंजरने ये-जा करणारी मुलं ते स्टेशन ओळखतात. हे ऐकल्यावर कुणीतरी उठून शेवटची ओळ परत वाचतंच.

अलंकार शोधायचा तोही आता, आणि नाव शेवटी. 'मन कशासारखं म्हटलंय' हे आधी, रूपक हा शब्द नंतर. मोरोपंतांच्या केकावलीतल्या 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' सारख्या ओळीला लघुला (आखूड अक्षराला) मांडीवर बोट, गुरूला (लांब अक्षराला) बाकावर थाप, असं वाजवून घ्या: टि-टा-टि-टि-टि-टा-टि-टा, थोडं थांबून टि-टि-टि-टा-टि-टा-टा-टि-टा. सतरा अक्षरं, आठावर विराम. दोनदा वाजलं की मग सांगा ह्या वृत्ताला पृथ्वी म्हणतात. गण (लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट) पाठ करून घेऊन मग ओळ दिली की उलटं होतं, गण लक्षात राहतात आणि ओळ ऐकूच येत नाही.

रसग्रहण लिहून देऊ नका. वहीत आधीच तीन गोष्टी जमलेल्या असतात: कानात राहिलेला शब्द, चित्रात खोडलेली जागा, मोठ्या प्रश्नाचं उत्तर. ह्या तीनवर दोन-दोन वाक्यं लिहायला लावा, वर कवितेचं नाव, कवी, विषय एवढी एक ओळ. उत्तर तयार. परीक्षेत चालतं का असं पालक विचारतात, चालतं, फक्त प्रत्येक मुद्द्याबरोबर कवितेतला शब्द अवतरणात आला पाहिजे एवढं घोटून घ्या.

तपासा: कुठल्याही पाच वह्या काढा. पाचही उत्तरं सारखी असतील तर टप्पा 3 किंवा 4 मध्ये तुम्ही मधे बोललात. पुढच्या कवितेला तिथे लक्ष ठेवा.

पाठांतर आणि गैरहजेरी

पाठांतर शिक्षा म्हणून कधीच देऊ नका, 'गृहपाठ नाही केला, दहा ओळी पाठ कर' ह्याने वर्षभराचं काम एका दिवसात जातं. वरचे टप्पे नीट झाले तर सहा-सात ओळी तशाच तोंडात बसलेल्या असतात, उरलेल्या दोघा-दोघांनी एकेक ओळ आळीपाळीने म्हणत होतात.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला पोरं जातात, आठ-आठ दिवस वर्ग अर्धा रिकामा. परत आलेल्याला वही उतरवायला देऊ नका, त्या कवितेचं त्याला पुढे काहीच उरत नाही. शेजारच्याने त्याला मधल्या सुट्टीत कविता दोनदा वाचून दाखवायची, त्याने कानात राहिलेला शब्द सांगायचा, मग रात्री चित्र काढून आणायचं. वाचून दाखवणाऱ्याचीही कविता त्यात पक्की होते, म्हणून ह्या कामाला मी मुद्दाम वर्गातलं अडखळत वाचणारं पोरगं निवडतो आणि आदल्या दिवशी त्याच्याकडून एकदा म्हणून घेतो.